चिंचोक्याचा डिंक कार्बॉक्सिमिथाइल करून एसआर (औषध सावकाश सोडणारी) गोळी : कृती, मोजमाप आणि माल कुठे फसतो

खलबत्ता (धागाकर्ता)

बी.फार्मचं शेवटचं वर्ष आणि एम.फार्मचे प्रकल्प सुरू झाले की ‘नैसर्गिक पॉलिमरमध्ये रासायनिक बदल करून सावकाश सुटणारी गोळी’ हा विषय ठरल्यासारखा उगवतो. प्रबंधात कृती दोन ओळींत उरकलेली असते आणि माल जिथे फसतो ती जागा नेमकी गाळलेली असते. म्हणून एकच उदाहरण धरून लिहितो : चिंचोका.

चिंचोक्याच्या मगजात साधारण ५५ ते ६५ टक्के पॉलिसॅकराइड असतं, १५ ते २० टक्के प्रथिनं आणि ६ ते ८ टक्के तेल. पॉलिसॅकराइड म्हणजे झायलोग्लुकॅन. ग्लुकोजची सरळ साखळी, तिला झायलोजच्या फांद्या, काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज. ग्लुकोज, झायलोज, गॅलॅक्टोज यांचं प्रमाण ढोबळमानाने ३:२:१.

आधी एक गैरसमज. कार्बॉक्सिमिथाइल केलं (म्हणजे साखळीवरच्या हायड्रॉक्सिलवर –CH₂COOH गट बसवले) म्हणून औषध सावकाश सुटेल असं अजिबात नाही. कच्चा डिंक थंड पाण्यात नीट फुगत नाही, उकळावा लागतो. कार्बॉक्सिमिथाइल गट बसले की साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींपासून दूर राहतात आणि डिंक थंड पाण्यातही झटकन फुगतो. झटकन फुगण्याचा फायदा एवढाच, की गोळीभोवती जेलचा थर लवकर बसतो. पण तोच थर लवकर विरघळूनही जाऊ शकतो. किती गट बसवायचे याचा तोल सांभाळणं हाच सगळा खेळ.

डिंक वेगळा करणं. २० ग्रॅम चिंचोका पीठ २०० मिली थंड पाण्यात कालवा. ८०० मिली उकळत्या पाण्यात ढवळत ढवळत ओता आणि वॉटर बाथवर २० मिनिटं ठेवा. रात्रभर राहू द्या, म्हणजे प्रथिनं आणि चोथा खाली बसतो. ५००० आरपीएमला २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचं द्रावण दुप्पट आकारमानाच्या अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉलमध्ये ढवळत ओता. पांढरे तंतू साकळतात. ते इथेनॉलने धुऊन ५० ते ६० °से. ला वाळवा आणि दळून चाळा. २० ग्रॅम पिठातून १० ग्रॅमच्या आसपास मिळाला तर हात चांगला बसला म्हणायचा.

अभिक्रिया. १० ग्रॅम कोरडा डिंक १५० मिली आयसोप्रोपेनॉलमध्ये तरंगता ठेवा, ढवळणी चालू. ५ ग्रॅम कॉस्टिक सोडा १२ मिली पाण्यात विरघळवून गार करा आणि १५ मिनिटांत थेंबाथेंबाने सोडा. मग ४५ मिनिटं खोलीच्या तापमानाला नुसतं ढवळा. ही पायरी घाईत उरकू नका. अल्कली कणाच्या गाभ्यापर्यंत पोचली नाही तर गट फक्त वरवर बसतात. आता ५ ग्रॅम मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल (पुढे एमसीए) १५ मिली आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून २० मिनिटांत सोडा. उष्णता निघते. मग कंडेन्सर लावून वॉटर बाथवर ६० °से. ला दीड तास.

गार झाल्यावर वरचा द्रव काढून टाका, घट्ट भाग ८० टक्के मिथेनॉलमध्ये घ्या आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लाने पीएच ७ च्या आसपास आणा. १ ते २ मिली पुरतं. त्याहून बरंच जास्त लागलं तर एमसीए पूर्ण वापरलं गेलेलं नाही असं समजा. पुढे ८० टक्के मिथेनॉलने चार-पाच धुण्या, गाळलेल्या द्रवात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून गढूळपणा येईनासा होईपर्यंत. शेवटची धुणी निव्वळ मिथेनॉलची. ५० °से. ला वाळवा, १०० मेशमधून चाळा.

कॉस्टिक ५ ग्रॅमच का? एमसीएच्या प्रत्येक मोलला दोन मोल कॉस्टिक लागतं. एक आम्लाचं मीठ करायला, दुसरं प्रत्यक्ष अभिक्रियेला. ५ ग्रॅम एमसीए म्हणजे ०.०५३ मोल, ५ ग्रॅम कॉस्टिक म्हणजे ०.१२५ मोल. थोडं जादाच आहे. सोडियम मोनोक्लोरोअ‍ॅसेटेट हे तयार मीठ वापरत असाल तर कॉस्टिक त्या हिशेबाने कमी करा. तेवढंच ठेवलं तर साखळ्या तुटून चिकटपणा घसरतो.

सावधान. एमसीए त्वचेतून आत जातं आणि पेशींचं ऊर्जाचक्र अडवतं. थोडी जागा भाजली तरी काही तासांनी माणूस गंभीर होऊ शकतो. निओप्रीनचे जाड हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि फ्यूम हूड यांच्याशिवाय बाटली उघडू नका. आयसोप्रोपेनॉलजवळ उघडी ज्योत नको. हा घरी करून बघायचा प्रयोग नव्हे.

गोळी. डायक्लोफेनॅक सोडियम १०० मिग्रॅ, सुधारित डिंक १२०, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज ६५, पीव्हीपी के-३० (दाणे बांधणारा चिकट पदार्थ) ९, मॅग्नेशियम स्टिअरेट ३, टाल्क ३. एकूण ३०० मिग्रॅ. पीव्हीपी आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून ओले दाणे करणं, १६ मेश, ५० °से. ला वाळवून २२ मेश. १० मिमी पंच, कठीणपणा ६ ते ८ किग्रॅ/सेमी².

प्रतिस्थापनाचं प्रमाण (डीएस, म्हणजे साखरेच्या एका एककामागे सरासरी किती गट बसले) टायट्रेशनने काढा. सूत्र नेहमीचंच, १६२ वालं. प्रश्न विचारा.

---

बार्शीकर

कच्च्या मालाबद्दल भर घालतो, कारण अर्धा घोटाळा तिथेच होतो.

चिंचोक्याचं तपकिरी टरफल काढायला चिंचोके भाजतात. भट्टी जास्त तापली की मगज पिवळा पडतो आणि पिठाचा चिकटपणा उतरतो. बार्शीसारख्या चिंचेच्या बाजारपेठेच्या गावात पीठ सहज मिळतं, पण गिऱ्हाईक बहुतेक कापड छपाईचं आणि ताग गिरण्यांचं. त्यांना जो चिकटपणा चालतो तो तुम्हाला चालेलच असं नाही. पीठ चिमटीत घेऊन उजेडात बघा. तपकिरी ठिपके दिसले तर टरफल राहिलंय. त्यातलं टॅनिन अल्कलीत गेलं की सगळा माल चहाच्या रंगाचा होतो आणि धुऊन जात नाही. खलबत्ता यांच्या कृतीत मधली एक पायरी राहिली आहे : पीठ आधी हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथरने तेलमुक्त करा. तेल राहिलं तर कॉस्टिकमध्ये त्याचा साबण होतो, फेस येतो आणि गाळणी तुंबते.

शेवटी, एका पोत्यातून पूर्ण प्रकल्पाचं पीठ एकदम घ्या. दुसऱ्या पोत्याचा डिंक दुसराच असतो.

अवांतर : घोंगडीला खळ द्यायची ती याच चिंचोक्याची. उकळून, घोटून. फुगलेल्या झायलोग्लुकॅनचा धाग्यावर बसलेला पातळ थर. धनगरांना सूत्र माहीत नव्हतं, माल माहीत होता.

---

ब्युरेट

‘सूत्र नेहमीचंच, १६२ वालं’ इथे हरकत.

१६२ हे ग्लुकोजच्या एका एककाचं वजन. स्टार्च आणि सेल्युलोजला बरोबर. चिंचोक्यात झायलोज आहे, तो पाच कार्बनवाला, एककाचं वजन १३२. ३:२:१ धरलं तर सरासरी (३×१६२ + २×१३२ + १×१६२) ÷ ६ = १५२. म्हणून

डीएस = १५२ × न ÷ (व − ५८ × न)

‘न’ म्हणजे कार्बॉक्सिल गटांचे मोल, ‘व’ म्हणजे आम्लरूपातल्या कोरड्या नमुन्याचं ग्रॅममधलं वजन. एका गटामागे वजन ५८ ने वाढतं म्हणून तो आकडा.

प्रत्यक्ष कृती : सोडियम मीठरूपातला डिंक ८० टक्के मिथेनॉलमधल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून आम्लरूपात आणा. क्लोराइड जाईपर्यंत धुवा, वाळवा. ०.५ ग्रॅम अचूक तोलून २० मिली ०.२ एन (नॉर्मल) कॉस्टिकमध्ये विरघळवा आणि १०० मिली करा. त्यातले २५ मिली घेऊन ०.०५ एन हायड्रोक्लोरिक आम्लाने फिनॉल्फथॅलिनवर टायट्रेट करा. ब्लँकला (नमुना न घातलेल्या द्रावणाला) २० मिली लागतात. नमुन्याला समजा १५.५ लागले. फरक ४.५ मिली, म्हणजे ०.२२५ मिलिमोल, चौपट करून ०.९ मिलिमोल. सूत्रात घाला : ०.३१. १६२ घातलं असतं तर ०.३३.

आता कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडतं? त्याहून मोठी चूक ओलाव्याची. नमुन्यात १० टक्के पाणी असेल आणि ते वजा केलं नसेल, तर खरा डीएस ०.३४ असताना तुम्ही ०.३१ लिहिता. हा डिंक हवेतून पाणी ओढतो. १०५ °से. ला वजन स्थिर करून डेसिकेटरमधून थेट तराजूवर. उघड्या वॉच ग्लासवर पाच मिनिटं गप्पा मारत ठेवला तर आकडा गेला.

आणि चिंचोक्यात डीएसची कमाल ३ नसते. मोकळे हायड्रॉक्सिल मोजले तर सहा एककांत १६ येतात, म्हणजे २.६७. तिथवर कोणी जात नाही, पण तोंडी परीक्षेत विचारतात.

---

जिज्ञासा_एम

सर, एकदम उपयोगी धागा. दोन शंका. (१) धुताना आमचा माल मिथेनॉलमध्ये च्युइंग गमसारखा झाला, गाळणीला चिकटला. (२) आयआर (इन्फ्रारेड) वर्णपटात १६०० ला पीक आलं, तर डीएस काढायलाच हवा का?

---

खलबत्ता

सर वगैरे नको, खलबत्ता पुरे.

(१) मिथेनॉल ८० टक्क्यांच्या खाली गेलं असणार. पहिल्या धुणीत ओल्या मालातलं पाणी हिशेबात धरलं जात नाही आणि प्रत्यक्षात ७० टक्के होतं. तेवढं पाणी मिळालं की कण बाहेरून फुगून एकमेकांना चिकटतात, आत मीठ कोंडतं. पहिली धुणी ९० टक्क्यांची घ्या, पुढच्या ८० च्या. उलट सुरुवातीपासून निव्वळ मिथेनॉल घेतलं तर कण दगडासारखे आखडतात, मीठ विरघळत नाही आणि सिल्व्हर नायट्रेटची चाचणी ‘स्वच्छ’ दाखवून फसवते. चिकटलेला गोळा फेकू नका. निव्वळ मिथेनॉलमध्ये तासभर ठेवा, घट्ट झाला की चुरून पुन्हा सुरू करा.

(२) ब्युरेट सांगतीलच.

---

ब्युरेट

हवाच. १६०० आणि १४२० च्या आसपासची जोडी म्हणजे कार्बॉक्सिलेट आहे एवढंच कळतं, किती ते नाही. शिवाय न धुतलेलं सोडियम ग्लायकोलेटही तिथेच दिसतं. आणि डिंकाला चिकटलेलं पाणी १६४० ला असतं, ते कच्च्या डिंकातही दिसेल.

ग्लायकोलेटला हलकं घेऊ नका. अभिक्रियेत पाणी जास्त झालं की एमसीए डिंकाऐवजी पाण्याशीच लग्न लावतं आणि ग्लायकोलेट होतं. १२ मिलीऐवजी ‘विरघळत नव्हतं म्हणून’ ३० मिली पाणी घेणाऱ्यांचा डीएस पडतो तो यामुळे. युरोपीय औषधकोशात कार्मेलोज सोडियममध्ये ग्लायकोलेटची मर्यादा ०.४ टक्के आहे. तुमचा डिंक त्या कोशात नसला तरी मोजपट्टी म्हणून तीच घ्या.

---

पॅडलपन्नास

रसायन झालं, आता डिझोल्यूशनकडे, म्हणजे गोळीतून औषध किती वेळात सुटतं त्या चाचणीकडे या. परीक्षक तिथेच पकडतात.

पहिली गोष्ट. डायक्लोफेनॅक सोडियम घेऊन ०.१ एन आम्लात दोन तास चालवलं आणि आलेखावर सपाट रेघ आली, की लोक लिहितात ‘पॉलिमरने जठरात औषध रोखलं’. पॉलिमरने काही रोखलेलं नाही. डायक्लोफेनॅक आम्लात विरघळतच नाही. नुसती पूड टाकली तरी रेघ सपाटच येईल. तुमच्या डिंकाची परीक्षा पीएच ६.८ मध्ये सुरू होते.

दुसरी. दोन तासांनी गोळी चिमट्याने उचलून दुसऱ्या भांड्यात टाकू नका, जेलचा थर फाटतो. ७५० मिली ०.१ एन आम्लात सुरू करा. दोन तासांनी त्यातच ३७ °से. ला तापवलेलं ०.२ मोलर ट्रायसोडियम फॉस्फेट २५० मिली ओता आणि पीएच ६.८ ला जुळवा. गोळी जागची हलत नाही. आकारमान ७५० चं १००० झालं हे मात्र गणितात धरा. विसरणारे खूप.

तिसरी. पॅडल ५० आरपीएमला फुगलेली गोळी भांड्याच्या तळाला चिकटते. खालची बाजू बंद, औषध वरूनच सुटतं, आलेख सुंदर आणि खोटा. सहा भांड्यांपैकी दोनात चिकटली, चारात तरंगली तर प्रमाण विचलन बघूनच कळतं. सिंकर (गोळीभोवतीची तारेची गुंडाळी) लावा किंवा बास्केट १०० आरपीएमला घ्या. पण बास्केटच्या जाळीत जेल अडकलं तर तोही आलेख खोटाच. शेवटी बास्केट काढून उजेडात बघायची सवय ठेवा.

चौथी. नमुना ०.४५ मायक्रॉन गाळणीतून ढकलताना दट्ट्या जाम होतो, कारण विरघळलेला डिंक. आधी १० मायक्रॉनचा फिल्टर, मग बारीक. २७६ नॅनोमीटरला शोषकता मोजताना औषधाविना केलेली गोळी त्याच वेळांना चालवून तिची शोषकता वजा करा. डिंकाचा गढूळपणा औषध म्हणून मोजला गेला की १०८ टक्के रिलीज येतो आणि मग लोक अस्सेला (गोळीतल्या औषधाच्या मोजणीला) शिव्या देतात.

पाचवी, आणि हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते : त्याच टक्केवारीचा एचपीएमसी के-४एम (एसआर गोळ्यांत नेहमी वापरला जाणारा, सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर) घालून एक बॅच समांतर करा. त्याच्याशिवाय ‘सुधारित डिंक चांगला’ हे वाक्य लंगडं आहे. एफ२ (दोन आलेख किती सारखे ते सांगणारा आकडा) काढा. प्रत्येक बिंदूला सरासरी १० टक्क्यांचा फरक असेल तर एफ२ बरोबर ५० च्या उंबरठ्यावर येतो, आणि ८५ टक्क्यांनंतरचा एकच बिंदू धरायचा. शेपटीचे पाच बिंदू घातले तर कोणतीही दोन औषधं ‘सारखी’ ठरतील.

---

वाचनमात्र

मी या क्षेत्रातला नाही. मेटफॉर्मिन एसआरची गोळी शौचातून अख्खीच्या अख्खी बाहेर पडलेली दिसते, असं बरेच रुग्ण विचारतात. म्हणजे औषध लागू पडलं नाही का?

---

खलबत्ता

पडलं. दिसतो तो औषध सुटून गेलेल्या पॉलिमरचा सांगाडा. मेटफॉर्मिनच्या काही लांबवलेल्या गोळ्यांत एचपीएमसी आणि सोडियम सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) असतं. पाणी आत शिरतं, औषध विरघळून बाहेर झिरपतं, मऊ फुगलेला गोळा गोळीच्याच आकाराचा राहतो. मूळ औषधाच्या माहितीपत्रकातही हे लिहिलेलं असतं. बाहेर पडलेला गोळा मऊ असेल तर हेच समजायचं. कडक आणि सुकी निघाली, किंवा साखर ताब्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारा.

आणि ही गोळी चावू नये, कुटू नये. मध्ये रेघ असली तरी पत्रकात ‘अर्धी करता येते’ असं स्पष्ट असेल तरच तोडावी. तुटलेल्या बाजूला जेलचा थर बसायच्या आत औषध भसकन सुटतं.

दारूचाही यात हात असतो. अमेरिकेत हायड्रोमॉर्फोनची पॅलाडोन ही लांबवलेली कॅप्सूल २००५ मध्ये बाजारातून काढावी लागली, कारण मद्याबरोबर औषध एकदम सुटत होतं. तेव्हापासून ०.१ एन आम्लात ०, ५, २० आणि ४० टक्के इथेनॉल घालून दोन तास चाचणी घेण्याची पद्धत रुजली. चिंचोक्याचा डिंक आपण इथेनॉलनेच साकळवतो, हे ध्यानात ठेवा. ४० टक्क्यांत त्याचा जेल उशिरा बसणार. प्रबंधात ही चाचणी घातली तर काम उठून दिसेल.

---

पॅडलपन्नास

मेटफॉर्मिनचा विषय निघालाच आहे तर : सुधारित डिंकाचं खरं कसब डायक्लोफेनॅकमध्ये दिसत नाही, मेटफॉर्मिनमध्ये दिसतं.

डायक्लोफेनॅक ऋणभारित, डिंकही ऋणभारित. दोघांचं जमत नाही, औषध फक्त जेलमधून वाट काढतं. मेटफॉर्मिन धनभारित, म्हणून ते कार्बॉक्सिलेटला धरून बसतं. पण यावर हुरळून जाऊ नका. शुद्ध पाण्यात चालवलेला आलेख फार देखणा येतो, आणि फॉस्फेट बफरमध्ये सोडियम आयन औषधाची जागा घेतात, पकड सुटते. म्हणून बफरची आयनिक तीव्रता बदलून दोन तरी माध्यमांत चालवा. आतड्यात नुसतं पाणी नसतं.

अडचण मात्रेची. ५०० मिग्रॅ औषध, वर अत्यंत विद्राव्य, वर दाबल्यावर गोळीची टोपी निघणारं (कॅपिंग). एकटा सुधारित डिंक पुरत नाही, झिजून जातो. ५०० ला निदान ३०० मिग्रॅ पॉलिमर लागतं, निम्मा हा डिंक आणि निम्मा एचपीएमसी के-१००एम अशी सुरुवात करा. एचपीएमसी झिजू देत नाही, डिंक पकडून ठेवतो. दाणे करताना औषधात २ टक्क्यांच्या आसपास ओलावा राहू द्या. अगदी कोरडं केलं की कॅपिंग होणारच. शोषकता २३३ नॅनोमीटरला.

---

जिज्ञासा_एम

गोळीऐवजी कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब टाकून मणी केले तर? आमच्या गाइडना मणी हवेत.

---

खलबत्ता

गाइडना हवेत म्हणजे करावेच लागतील :)

एकट्या कार्बॉक्सिमिथाइल डिंकाचे कॅल्शियममध्ये मणी धड होत नाहीत, लिबलिबीत चपटे पडतात. अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या डिंकाच्या) गुलुरोनेट साखळीत कॅल्शियम जसा खणात अंडं बसावं तसा बसतो, तसे खण इथे नाहीत. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने मणी घट्ट होतात, पण तोंडावाटे घ्यायच्या औषधात अ‍ॅल्युमिनियम का, याचं उत्तर परीक्षकाला द्यावं लागेल. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका. सोडियम अल्जिनेट २ टक्के आणि डिंक १ टक्का मिसळा, २१ नंबरच्या सुईतून ५ सेंमी उंचीवरून ५ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडा, १५ मिनिटं ठेवा, धुऊन ४० °से. ला वाळवा.

फसण्याच्या जागा दोन. मेटफॉर्मिनसारखं विद्राव्य औषध त्या १५ मिनिटांतच बाहेर पळतं. बाथचं द्रावण तपासा म्हणजे कळेल किती गमावलं. बाथमध्येच औषध विरघळवून ठेवणं हा एक उपाय आहे, पण खर्चिक. दुसरी गंमत फॉस्फेट बफरची. मणी पीएच ६.८ मध्ये टाकले की फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं, कॅल्शियम फॉस्फेट होतं, बफर दुधाळ होतो आणि मणी विरघळतात. हे पीएचमुळे झालं असं लिहून मोकळे होऊ नका. त्याच पीएचचा ट्रिस बफर घेऊन एकदा चालवा, फरक डोळ्यांना दिसेल.

---

बार्शीकर

खाण्याच्या दृष्टीने : चिंचोक्याच्या पॉलिसॅकराइडला अन्नपदार्थांत आयएनएस (खाद्य मिश्रकांची आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धत) ४३७ हा क्रमांक आहे. पण ती मुभा कच्च्या डिंकाची. कार्बॉक्सिमिथाइल केलेला हा वेगळा पदार्थ, त्याची सुरक्षितता वेगळी सिद्ध करावी लागते. ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे वाक्य प्रबंधातून काढा. एपिक्लोरोहायड्रिनने क्रॉसलिंक केलेला किंवा अ‍ॅक्रिलअमाइड कलम केलेला डिंक असेल तर उरलेला मोनोमर मोजल्याशिवाय तर मुळीच नको.

आणि जंतू. पीठ पोत्यात महिनोन्‌महिने असतं. एकूण जंतुसंख्या, बुरशी, ई. कोलाय, साल्मोनेला, चारही बघा. अल्कली आणि मिथेनॉलमधून गेलेला डिंक कच्च्यापेक्षा खूप स्वच्छ निघतो, पण नंतर उघड्यावर वाळवला की पुन्हा तेच.

---

जिज्ञासा_एम

कोर्समेयर-पेपास समीकरणात (सुटलेलं औषध वेळेच्या एन-व्या घाताप्रमाणे वाढतं असं मानणारं) एन ०.६२ आला, आर² ०.९९. ‘नॉन-फिकियन’ (निव्वळ विसरणाने न सुटणारं) लिहू ना?

---

पॅडलपन्नास

किती बिंदू घेतले?

---

जिज्ञासा_एम

सगळे. १२ तासांपर्यंत.

---

पॅडलपन्नास

मग नको. ते समीकरण पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतच लावायचं. त्यापुढचे बिंदू सपाट होत जातात आणि एन खाली ओढतात. ६० पर्यंतचे निदान चार-पाच बिंदू हवेत, म्हणून सुरुवातीला अर्धा, एक, दीड, दोन, तीन तास असे दाट नमुने काढा. पहिल्या दोन तासांचं आम्ल डायक्लोफेनॅकमध्ये धरूच नका, तिथे सुटतच नाही काही. गोळीसारख्या दंडगोलाला ०.४५ म्हणजे निव्वळ विसरण, ०.८९ म्हणजे साखळ्या सैल पडण्याचा हिशेब, मधलं सगळं मिश्र. मिश्र आलं तर फुगल्याचं वजन १, २, ४, ८ तासांना मोजून सोबत जोडा. नुसत्या एनवरून यंत्रणा ठरवणं म्हणजे धूर बघून भाजी ओळखणं.

---

ब्युरेट

आणि तो डीएस पुन्हा काढलात का? ०.२ चा डिंक आणि ०.६ चा डिंक यांचे एन वेगळेच येणार. डीएस नसेल तर आलेख कोणत्या डिंकाचा ते कोणालाच कळणार नाही.

---

जिज्ञासा_एम

काढला. १५२ ने ०.२८. ओलावा ९ टक्के होता, तो वजा केला नव्हता. आता केल्यावर ०.३१.

---

खलबत्ता

छान. पीठ तेच, पोतं तेच ठेवून दुसरी बॅच करा आणि दोन्हींचा डीएस शेजारी शेजारी लिहा. संपादनाची मुदत संपल्यामुळे मूळ धाग्यातलं १६२ आता बदलता येत नाही. कृती उतरवून घेणाऱ्यांनी सूत्र ब्युरेट यांच्या प्रतिसादातून घ्यावं आणि तेलमुक्त करायची पायरी बार्शीकर यांच्या.